ज्या फाइलवर ‘ही तुमच्यासाठी नाही’ असं लिहिलंय, ती न वापरता प्रोग्रॅम करायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी लेख आला होता, की पहिल्या वर्षापासूनच ओपन सोर्समध्ये काम करा, गिटहबवर प्रोजेक्ट टाका, नोकरी देणारे आता मार्कशीटच्या आधी ते बघतात वगैरे. सल्ला चुकीचा अजिबात नाहीये. मी पुण्यात याच लाइनमध्ये आहे, एकच सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे इन्स्टॉल होऊन नीट चालेल असं पॅकेज करून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे नवीन मुलांनी टाकलेले प्रोजेक्ट बघण्यात येतातच. पण त्या लेखात एक गोष्ट राहून गेली आणि कॉलेजातही ती राहूनच जाते म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा कमी असेल तर मधलं कापा पण शेवटची मागणी ठेवा.

गोष्ट अशी की या प्रोजेक्टपैकी बरेचसे दुसऱ्याच्या मशीनवर बिल्डच होत नाहीत, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅमच तयार होत नाही. लॉजिक चुकलेलं असतं असं नाही, मुलं हुशार असतात, अल्गोरिदम व्यवस्थित असतो, पण अडतं ते अगदी वरच्या दोन-चार ओळींवर जिथे हेडर फाइली मागवलेल्या असतात तिथे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये दुसऱ्याची लायब्ररी वापरायची असेल तर त्या लायब्ररीसोबत हेडर नावाच्या फाइली मिळतात, त्यात लिहिलेलं असतं की अमुक नावाचं फंक्शन आहे, त्याला हे द्या, ते तुम्हाला हे देईल. यातली काही हेडर जगासाठी, पब्लिक असतात, म्हणजे लायब्ररीवाल्यांनी शब्द दिलेला असतो की हे आम्ही उगाच बदलणार नाही. आणि काही हेडर त्यांच्या स्वतःच्या आतल्या कामासाठी, प्रायव्हेट असतात, ती कधी चुकून तर कधी नाइलाजाने तुमच्या डिस्कवर येऊन पडतात पण त्यांच्याबद्दल कसलाही शब्द दिलेला नसतो. वाण्याकडे काउंटरवर मागायचं सोडून त्याच्या गोदामात शिरून तिसऱ्या फळीवरचा डबा स्वतः उचलायची सवय लावून घेतली तर उद्या त्याने फळ्या हलवल्या म्हणून भांडायला जाता येत नाही, तसं आहे हे.

आता आपल्याकडे ही सवय लागते कुठून ते बघा. कित्येक कॉलेजांत अजूनही सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल टर्बो सीवर होतं, बोर्लंडचा १९९०च्या सुमाराचा डॉसवरचा कंपायलर (कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणारं सॉफ्टवेअर), आजच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही म्हणून डॉसबॉक्स घालून त्यात चालवतात. पहिली ओळ आयओस्ट्रीम डॉट एच, दुसरी कोनिओ डॉट एच, मग क्लिअरस्क्रीन करायचं, शेवटी गेटसीएच लावून स्क्रीन थांबवायचा, आणि हे सगळं जर्नलमध्ये पेनाने उतरवून सही घ्यायची. सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ स्टँडर्ड १९९८ साली आलं, त्यात आयओस्ट्रीमच्या मागचं डॉट एच गेलं, आणि कोनिओ तर स्टँडर्डमध्ये कधी नव्हतंच, ते डॉसच्या जमान्यातल्या कंपायलरवाल्यांनी आपापलं दिलेलं होतं. लिनक्सवर नाही, मॅकवर नाही. कोनिओला प्रायव्हेट हेडर म्हणता येणार नाही हे मला माहितीये, पण रोग तोच की माझ्या मशीनवर आहे म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर असणार.

मग मुलं तिसऱ्या वर्षाला येतात, कोडिंगच्या स्पर्धा खेळायला लागतात आणि टर्बो सी सुटतं पण त्याच्या जागी बिट्सवालं हेडर येतं. बिट्स फोल्डरमधलं एसटीडीसी प्लस प्लस डॉट एच. ही एक ओळ लिहिली की व्हेक्टर, मॅप, स्ट्रिंग, अल्गोरिदम सगळं एकदम मिळतं, वेगवेगळी हेडर आठवायला नकोत. स्पर्धेत ठीक आहे हो, तिथे घड्याळ चालू असतं आणि पलीकडचा सर्व्हर जीसीसी हा कंपायलर वापरतो त्यामुळे चालून जातं, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण ती फाइल जीसीसीच्या लायब्ररीने आपल्या आतल्या कामासाठी ठेवलीये, उघडून बघा, वरती सरळ लिहिलंय की ही प्रीकंपाइल्ड (आधीच कंपाइल करून ठेवलेल्या) हेडरसाठीची अंमलबजावणीची फाइल आहे. शेजारच्या बिट्समधल्या बाकी फाइलींवर तर त्याहून स्पष्ट आहे, हे अंतर्गत हेडर आहे, थेट वापरू नका, त्याऐवजी अमुक वापरा. मॅकवर ॲपलचा क्लँग हा कंपायलर दुसरी लायब्ररी वापरतो, त्यात ही फाइलच नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओतही नाही. म्हणजे अख्खा प्रोजेक्ट तयार, रीडमीमध्ये ‘सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालतो’ असं लिहिलेलं, आणि मॅकवाल्याने क्लोन म्हणजे कॉपी करून बिल्ड मारला की पहिल्याच ओळीला फाइल सापडत नाही.

कामावरचं एक उदाहरण देतो कारण ते लहान आहे. सी मध्ये लिहिलेली एक छोटी लायब्ररी आमच्याकडे पॅकेज करायला आली होती, उबुंटूवर बिल्ड झाली, मॅकवरही झाली, सगळे खूश, दोन ठिकाणी झाली म्हणजे पोर्टेबल आहे असं ठरलं. पुढे तीच अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये टाकली, अल्पाइन लहान असतं म्हणून सर्व्हरवर फार वापरतात, तिथे ठप्प. सिस फोल्डरमधलं सीडेफ्स डॉट एच नाही. विंडोजवर केलं, तिथेही नाही. सीडेफ्स हे जीलिबसीचं, म्हणजे उबुंटूसारख्या बहुतेक लिनक्सवर जी मूळ सी लायब्ररी असते तिचं, स्वतःच्या हेडरांसाठी बनवलेलं हेडर, मॅकवर ते बीएसडी या जुन्या युनिक्स कुळाच्या वारशातून आलंय म्हणून योगायोगाने जमलं. अल्पाइनची सी लायब्ररी मसल, आणि मसलवाल्यांनी ठरवून ते दिलेलं नाही, त्यांचं म्हणणंच हे की ॲप्लिकेशनने ते वापरायचं नसतं. बरं, एवढं करून त्या लायब्ररीला त्यातून हवं काय होतं? बिगिन डेकल्स आणि एंड डेकल्स असे दोन मॅक्रो, म्हणजे कोडच्या तुकड्यांना दिलेली छोटी नावं. ते काय करतात तर सी प्लस प्लसमधून हेडर वाचलं जात असेल तर ‘हे सीचं आहे’ असं सांगणारा एक्स्टर्न सीचा कंस उघडतात आणि बंद करतात. संपलं. इफडेफ लावून तीन ओळी उघडायला, तीन बंद करायला. तेवढ्यासाठी दोन प्लॅटफॉर्म गेले होते. मूळ लेखकाला पॅच म्हणजे दुरुस्तीचा तुकडा पाठवला, त्याने लगेच घेतला आणि विचारलं की आधी कुणी सांगितलं कसं नाही, तर आधी कुणी अल्पाइनवर बिल्डच केलं नव्हतं.

हा प्रकार नवशिक्यांचाच आहे असं कुणी समजू नये म्हणून मोठ्या लोकांचं सांगतो. सीमध्ये फाइल उघडली की फाइल नावाचा एक पॉइंटर हातात येतो. त्याच्या आत काय आहे, बफर (वाचून ठेवलेल्या मजकुराची तात्पुरती जागा) कुठे, किती वाचून झालंय, हे सगळं सी लायब्ररीचं खाजगी. आता ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या टूल्सना म्हणजे एमफोर, बायसन, जीझिप अशांना काही ठिकाणी हे माहीत करून घ्यायचं असतं की बफरमध्ये आधीच वाचून ठेवलेले किती बाइट पडलेत, आणि स्टँडर्ड सीमध्ये ते विचारायला फंक्शन नाही. म्हणून या टूल्सच्या मागे ग्नूलिब नावाचा जो सामायिक कोड आहे त्यात प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या फाइल स्ट्रक्चरच्या आत हात घालून तो आकडा काढलेला होता, जीलिबसीला असं, बीएसडीला तसं, सोलारिसला आणखी वेगळं, आणि कुठलाच प्लॅटफॉर्म ओळखू आला नाही तर शेवटी एक एरर की हा कोड कृपया तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा, म्हणजे तिथे चालेल असा बदलून घ्या. वर्षानुवर्षं हे चाललं. मग ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली, त्यांनी लिबआयओ डॉट एच हे आतलं हेडर बाहेर द्यायचं बंद केलं, त्यात नवल काही नव्हतं, ते आतलंच होतं. ग्नूलिबचा कोड त्या हेडरमधल्या मॅक्रोवरून ओळखायचा की आपण जीलिबसीवर आहोत. मॅक्रो गेला, ओळख गेली. आणि जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या लिनक्स लायब्ररीवर एमफोर बिल्ड करताना एरर यायला लागला की कृपया तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा! ग्नूचंच टूल, ग्नूचीच लायब्ररी, आणि एकमेकांना ओळखेनात.

ग्नूलिबवाल्यांनी दुरुस्ती आधीच करून ठेवली होती, पण एमफोरचं १.४.१८ हे रिलीज २०१६च्या अखेरीचं, त्यात जुना कोड भरलेला, आणि पुढचं १.४.१९ आलं ते मे २०२१ मध्ये. मधल्या काळात प्रत्येक डिस्ट्रोने (लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रत्येक प्रकाराने), एम्बेडेडवाल्या प्रत्येक टीमने आपापला पॅच लावत बसायचं, कारण एमफोर नाही तर ऑटोकॉन्फ (बिल्डची तयारी करून देणारं टूल) नाही आणि ऑटोकॉन्फ नाही तर अर्धी जुनी पॅकेजं नाहीत. आमच्या लाइनमध्ये त्या वर्षांत जुनं बिल्डरूट किंवा जुनी टूलचेन अशी बिल्डची साधनं नव्या उबुंटूवर बांधायला घेतलेल्या कुणालाही विचारा, त्याला तो एरर पाठ असेल. आणि दुरुस्ती तरी काय होती, तर आता हेडर देत नाही ना, मग त्यातला आकडा आम्हीच आमच्या कोडमध्ये लिहून घेतो. म्हणजे हात अजून आतच आहे, फक्त आता चाचपडत.

याउलट मसलमध्ये काय झालं बघा. तिथे फाइल स्ट्रक्चर बाहेरून बघताच येत नाही, त्यामुळे हात घालायला जागाच नव्हती. मग मसलने नेमकं हेच सांगणारं एक छोटं फंक्शन दिलं, आणि ग्नूलिब ते आहे का बघून सरळ वापरतं. आत काहीही बदला, फंक्शन उत्तर देतंय तोवर कुणाचं अडत नाही. मला मुलांना शिकवायची आहे ती नेमकी ही गोष्ट, की आतलं हवंच असेल तर मागा, त्यांच्याकडून रीतसर दार करून घ्या म्हणजे नंतर ते सगळ्यांना वापरता येतं.

मराठी पेपरला हे पत्र का, असं वाटलं असेल तर आता टायपिंगचं सांगतो. लिनक्सवर मराठी लिहायला बरेच लोक एफसीआयटीएक्स किंवा आयबस ही टायपिंगची सॉफ्टवेअरं वापरतात. लिनक्सवरचे कितीतरी प्रोग्रॅम क्यूटी नावाच्या टूलकिटवर (खिडक्या, बटणं वगैरे तयार देणाऱ्या लायब्ररीवर) बनलेले असतात, आणि त्यांच्यात तुमचा कीबोर्ड पोचवायला एक प्लगइन लागतं. आयबसचं क्यूटीच्या पोटातच असतं. एफसीआयटीएक्सचं बाहेरून बनवावं लागतं आणि ते बनवायला क्यूटीचं जे हेडर लागतं त्यावर लिहिलंय की हा भाग ॲप्लिकेशनमध्ये वापरण्यासाठी नाही, वापरलात तर पुढच्या आवृत्त्यांशी जुळेल याची खात्री नाही. क्यूटीची अस्सल प्रायव्हेट हेडरं अंडरस्कोअर पी ने संपतात आणि त्यांच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात इशारा असतो की ही फाइल क्यूटीच्या एपीआयचा (बाहेरच्यांसाठी दिलेल्या फंक्शनांचा) भाग नाही, न सांगता बदलेल किंवा काढूनही टाकली जाईल, आणि शेवटी एक छोटं वाक्य, आम्ही खरंच सांगतोय. एवढंच नाही, ही हेडरं ज्या फोल्डरात असतात त्याच्या नावातच पूर्ण आवृत्ती लिहिलेली असते, पाच पॉइंट पंधरा पॉइंट दोन अशी शेवटच्या आकड्यापर्यंत, म्हणजे तुम्ही नेमके कुणाला बांधले गेलात हे तुमच्याच बिल्डच्या पाथमध्ये दिसतं. क्यूटी सहावर सीमेक या बिल्डच्या टूलमध्ये तर प्रायव्हेट मॉड्यूल जोडलं की तंबी येऊ शकते की हा प्रोजेक्ट या एकाच आवृत्तीला बांधला जाईल, दुसऱ्या आवृत्तीवर कुठेही क्रॅश होईल आणि तो बग मानला जाणार नाही.

याचा वापरणाऱ्याला त्रास असा होतो की त्याने सगळी सिस्टिम अपडेट केली, क्यूटी पुढे गेलं आणि प्लगइन मागे राहिलं तर क्यूटीच्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटायचं बंद. जीटीके या दुसऱ्या टूलकिटच्या प्रोग्रॅममध्ये मात्र चालू, म्हणजे एका खिडकीत मराठी येतंय, शेजारच्या खिडकीत इंग्रजी, आणि माणूस कीबोर्डच्या सेटिंगमध्ये डोकं फोडतोय. किंवा एखादं बाहेरून घेतलेलं ॲप स्वतःचं क्यूटी सोबत घेऊन येतं, त्याला तुमच्या सिस्टिममधलं प्लगइन बहुतेक वेळा चालतच नाही. डेबियन या लिनक्सवाले यावर फार कडक आहेत, प्रायव्हेट हेडर वापरणारं पॅकेज ते क्यूटीच्या नेमक्या आवृत्तीला बांधून ठेवतात, क्यूटी बदललं की अशी सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड झाल्याशिवाय पुढे सोडतच नाहीत. कंटाळवाणं आहे पण वापरणाऱ्याचं मराठी चालू राहतं.

इथे मी एफसीआयटीएक्सवाल्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नाही, क्यूटीने पब्लिक दार ठेवलेलंच नाही त्या कामासाठी. पण बघा त्यांनी केलं कसं, प्रायव्हेट हेडरला हात लावणारा सगळा भाग एका वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये ठेवलाय, मुख्य प्रोग्रॅम त्यापासून लांब. क्यूटी बदललं तर तेवढाच तुकडा पुन्हा बांधायचा. आणि आपल्याकडे मराठीसाठी काहीतरी बनवणारी मुलं, शुद्धलेखन तपासणारं, फाँट बदलणारं, चांगली कामं करतात हो, पण क्यूटीच्या प्रायव्हेट क्लासमधलं एखादं फंक्शन आवडलं म्हणून ते पंचवीस ठिकाणी वापरलेलं असतं आणि दोन वर्षांनी मुलगा नोकरीला लागला, क्यूटी पुढे गेलं, की ते सॉफ्टवेअर मेलं. उचलायला कुणी येत नाही.

आता मुलं म्हणतील की आम्ही सी प्लस प्लस करतच नाही, आम्ही पायथॉनवाले. तर पायथॉनची वेगवान पॅकेजं आतून सीमध्येच असतात आणि तिथेही हेच आहे. पायथॉनमध्ये ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून, लिमिटेड एपीआय आहे. ठराविक फंक्शनांवरच राहिलात तर एकदा बिल्ड केलेलं पॅकेज पुढच्या आवृत्त्यांवरही चालतं. नाही राहिलात तर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पायथॉनची नवी आवृत्ती येते तिच्यासाठी वेगळं बिल्ड. हिशोब करा, पायथॉनच्या पाच आवृत्त्या आणि लिनक्स दोन प्रोसेसरवर, अल्पाइनवालं लिनक्स वेगळं, मॅक इंटेल, मॅक एआरएम, विंडोज असे सहा प्रकार धरले तर एका रिलीजला तीस फाइली. लिमिटेड एपीआयवर असाल तर सहा. क्रिप्टोग्राफी नावाचं पॅकेज, जे जवळपास सगळीकडे लागतं, ते असंच चालतं. नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज मात्र आवृत्तीवार बिल्ड देतं, त्यांना वेगासाठी आतलं जास्त लागतं आणि ते सांभाळायला त्यांच्याकडे माणसं आहेत. तुमच्याकडे आहेत का ते बघून ठरवा. (३.१३ सोबत जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देणारं कुलूप, नसलेलं वेगळं बिल्ड आलं त्यात मात्र लिमिटेड एपीआय चालत नव्हतं, सगळंच गोड आहे असं नाही.)

पायथॉनच्या आतल्या हेडरांना कुलूप आहे, एक ठराविक मॅक्रो डिफाइन नसेल तर एरर येतो. आणि लोक काय करतात, तो मॅक्रो स्वतःच डिफाइन करतात आणि आत जातात. मग २०२२ मध्ये ३.११ आलं, फ्रेम नावाच्या स्ट्रक्चरचे आतले भाग पब्लिक हेडरमधून गेले आणि थेट त्यांना हात लावणारी पॅकेजं पडली. ज्यांनी आधीपासून विचारायची फंक्शनं वापरली होती, ती ३.९ पासून हळूहळू येत होती, त्यांना फारसं काही करावं लागलं नाही.

फोनवरही हे झालंय. अँड्रॉइडमध्ये बऱ्याच ॲप्सनी सिस्टिमच्या आतली लिबक्रिप्टो ही एन्क्रिप्शनची लायब्ररी थेट जोडलेली होती, अँड्रॉइड ६ मध्ये गूगलने तिच्यामागचं ओपनएसएसएल काढून बोरिंगएसएसएल आणलं आणि ७ पासून, २०१६ साली, अशा आतल्या लायब्ररी जोडायलाच बंदी केली. जावाचंही तेच, सन डॉट मिस्कमधला बेस सिक्स्टीफोर एन्कोडर कित्येक ऑफिसांच्या कोडमध्ये होता, जावा ९ मध्ये गेला, आणि त्याला पर्याय जावा ८ पासून, २०१४ पासून, समोर ठेवलेला होता. तरी कितीतरी सर्व्हर केवळ यासाठी जावा ८ वर अडकून बसले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तुम्ही स्वतः लायब्ररी लिहिता तेव्हा तुमची आतली हेडरं बाहेर सांडता का? याचा सगळ्यात नेहमीचा नमुना म्हणजे कॉन्फिग डॉट एच. बिल्डच्या वेळी तयार होणारी फाइल, तुमच्या मशीनबद्दलची माहिती तिच्यात. ती आतल्यासाठी. पण बाहेर द्यायच्या हेडरमध्ये कुणीतरी ती मागवून ठेवतं, घरी सगळं चालतं कारण घरी सोर्सचं फोल्डर शेजारीच असतं. इन्स्टॉल करून दुसऱ्याने वापरलं की फाइल नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे फाइल सापडते, पण वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टची, कारण त्याच्याकडेही कॉन्फिग डॉट एच असतेच. मग एरर येत नाही, स्ट्रक्चरचा आकार दोन ठिकाणी वेगवेगळा धरला जातो आणि प्रोग्रॅम भलतीकडेच कोसळतो. याला शोधायला रात्र जाते.

याचा उपाय फार साधा आहे आणि कॉलेजात अर्ध्या तासात शिकवता येईल. लायब्ररी एका रिकाम्या फोल्डरात इन्स्टॉल करायची, सोर्सचं फोल्डर दुसरीकडे हलवायचं, आणि इन्स्टॉल झालेल्या हेडरांवर दहा ओळींचा प्रोग्रॅम बिल्ड करून बघायचा. झाला तर पॅकेज आहे, नाही झाला तर अजून प्रोजेक्टच आहे. सीमेक वापरत असाल तर ३.२४ पासून अशी सोय आहे की प्रत्येक पब्लिक हेडर एकटं घेऊन कंपाइल होतं का ते तोच तपासून देतो. आणि आतलं लपवायचं असेल तर पॉइंटरच्या मागे ठेवा, फाइल पॉइंटरसारखं, नाव बाहेर आणि पोट आत.

यावर नेहमीचं उत्तर येतं की सर डेडलाइन असते, पब्लिक एपीआयमध्ये ते फंक्शनच नाही, मग काय करायचं. खरं आहे, कधी कधी नसतंच. डीबगर, प्रोफायलर लिहिणाऱ्यांना आत बघावंच लागतं, त्यांचं कामच ते. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचंही तसंच, लिनक्स कर्नलवाले उघड सांगतात की आतलं आम्ही हवं तेव्हा बदलू पण बाहेरच्या प्रोग्रॅमचं मोडू देणार नाही, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ३.७ पासून बाहेर द्यायची हेडरं त्यांनी वेगळ्या फोल्डरातच काढून ठेवली. तर आत जावंच लागलं तर एकाच फाइलमधून जा, त्या फाइलवर तारीख आणि कारण लिहा, बिल्डच्या वेळी ते आतलं आहे का हे तपासा आणि नसेल तर ते फीचर बंद ठेवून बाकी प्रोग्रॅम चालू राहू द्या. आणि त्याच दिवशी मूळ लायब्ररीवाल्यांना लिहा की आम्हाला हे लागतंय, पब्लिक करा. मराठी मुलांना हे लिहायचा फार संकोच वाटतो असं माझं निरीक्षण आहे, इंग्रजी चुकेल का, मूर्ख वाटू का. काही नाही होत. त्यांना माहीतच नसतं कोण काय वापरतंय, लिहिलं तरच कळतं.

तर माझी मागणी, जी कापू नका म्हणालो होतो. ज्या कॉलेजांत प्रोजेक्टला मार्क आहेत तिथे डेमो मुलाच्या लॅपटॉपवर घेऊ नका. लॅबमधल्या दुसऱ्या मशीनवर घ्या, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि सोर्स क्लोन करण्यापासून घ्या. मॅक नसेल तर विंडोज आणि लिनक्स, लिनक्सही नसेल तर पेन ड्राइव्हवरून बूट करा, याला पैसे लागत नाहीत. गिटहबवर पब्लिक प्रोजेक्टसाठी तिन्ही सिस्टिमवर आपोआप बिल्ड करून बघायची सोय फुकट आहे, तिचा हिरवा टिक फायनल सबमिशनला सक्तीचा करा. हॅकेथॉनवाल्यांनीही परीक्षणात एक प्रश्न घालावा, की यातली कुठली हेडरं तुमची नाहीत आणि कुणी शब्द दिलाय ती राहतील म्हणून. ज्या मुलाला उत्तर देता येईल त्याला आमच्यासारख्यांकडे इंटरव्ह्यूत अर्धी लढाई जिंकल्यासारखंच आहे. आणि पुढची पुरवणी काढाल तेव्हा टर्बो सी अजून कुठल्या कुठल्या अभ्यासक्रमाच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे हे तुमच्या वार्ताहरांनी जरा विचारून छापावं, ती यादी वाचायला मला फार आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे